खोगिराला पंचामृत

"बाळाच्या घोड्याला, खोगीर मऊ मऊ
पुढंच बघ राजा, मागं नको पाहू..."

हा आवाज अंबुआत्याचा. हणमंतरावांच्या कानात तो लहानपणापासून मुरलाय, बरणीतल्या लिंबासारखा. बंगळूरच्या बळेपेटेतली गल्ली, भाड्याची सायकल, सायकलीवर अर्ध्या चड्डीतला हणमंत आणि कॅरियर धरून मागं धावणारी आत्या. धावता धावता ती ओव्या रचायची. धाप लागली की ओवी मध्येच तुटायची, श्वास आला की पुढची ओळ यायची. एके दिवशी ओवी फार लांबून ऐकू आली. हणमंतानं मान वळवून पाहिलं, तर आत्या पार गल्लीच्या तोंडाशी, कमरेवर हात ठेवून उभी, आणि कॅरियरला कुणीच नाही! पुढच्या क्षणी हणमंत शेवंतीच्या ढिगात होता आणि फुलवाली कानडीतून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती.

त्या दिवसापासून हणमंतराव पडले नाहीत. मोजणी खात्यात नोकरी केली ती सायकलीवरून, लग्नाची मुलगी बघायला गेले ते सायकलीवरून, आणि आता निवृत्त होऊन जयनगरात राहतात तेही, म्हणायला हरकत नाही, सायकलीवरच! दूध, देऊळ, वाचनालय, चौथ्या ब्लॉकातला बाजार, गप्पांचा कट्टा, सगळीकडे ती हिरवी सायकल. "पेट्रोल नको, लायसन नको आणि पोराची परवानगी नको," असं ते छाती काढून सांगत.

यातली तिसरी गोष्ट एका रविवारी संपली.

त्या दिवशी त्यांचा मुलगा रघुनंदन एचएसआर लेआउटहून भेटायला आला होता. हणमंतराव बाजारातून आले, सायकलीवरून उतरले आणि उतरल्यावर तसेच राहिले. म्हणजे काटकोनात! वरचा भाग हँडलकडे, खालचा भाग फाटकाकडे.

"अण्णा, कंबर धरली का?"

"कंबर कशाला धरेल? चपलेचा अंगठा बघतोय."

"इतका वेळ?"

"अंगठा मोठा आहे!"

रघुनंदननं त्यांना हाताला धरून सरळ केलं. पोरगा जिवाचा होता, त्यामुळे त्याचं बोलणं टाळता येत नव्हतं. "अण्णा, आता बस्स. या वयात, या रस्त्यांवर! दसरा झाला की सायकल कुणाला तरी देऊन टाकू आणि तुम्ही दोघं आमच्याकडे राहायला या. खोली तयार आहे. संयोगितानं पडदेसुद्धा लावलेत."

सायकल देऊन टाकायचं ऐकून हणमंतरावांना राग आला. पडद्यांचं ऐकून मात्र अंगावर काटाच आला! बाप रे, पडद्यांपर्यंत गोष्ट गेली?

"ऐक," ते गरजले. "दसऱ्याला तुझ्याकडे जेवायला येणार ना आम्ही? मी सायकलीवर येतो. जयनगर ते एचएसआर, चांगले पाच मैल! उतरतो, थेट खुर्चीवर बसतो आणि मोटारीतून आल्यासारखा जेवतो. तोंडातून एकदा जरी 'आई गं' निघालं, तर सायकल तुझी, आणि आम्ही दोघं दुसऱ्या दिवशी गाठोडं बांधून तुझ्या पडद्यांमागं!"

"नक्की?"

"चारशे वर्षांपूर्वी घोड्यावरून या मुलखात आलेल्या पूर्वजांचा शब्द आहे हा!"

"सरी, ठरलं. आई, तू साक्षीदार."

कमलाबाई मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली, तोंड उघडलं, पुन्हा मिटलं, आणि एक कोवळी काडी उगाच तीनतीनदा मोडली. "फोडणी करायची राहिलीय," म्हणून त्या आत गेल्या. आत गॅस पेटल्याचा आवाज काही आला नाही.

कंबर का धरते याचं कारण हणमंतरावांनी रात्रीतून शोधून काढलं. कंबर नव्हे, सीट! झिजलेली, फाटलेली, प्लास्टिकची पिशवी बांधलेली सीट! अंबुआत्यानं तेव्हाच सांगितलं होतं, खोगीर मऊ हवं. ओवीची दुसरी ओळ मात्र त्यांना पटेना. आत्याच्या काळात मागून पाण्याचे टँकर येत नसत. मागं बघायला हवं, पण मान न वळवता. तेव्हा आरसे! एक नव्हे, दोन!

दुसऱ्या दिवशी ते यल्लाप्पाच्या दुकानात उभे. यल्लाप्पानं दुकानाच्या मध्यभागी एक लोखंडी खांब रोवला होता. त्यावर हवी ती सीट चढवायची आणि गिऱ्हाइकानं बसून बघायचं. येणारेजाणारे फुकट बघायचे.

"बसा सर. ही जेलची."

हणमंतराव बसले. "अरे, हे डोशाचं पीठ आहे!"

"ही रेसची."

"ही सीट आहे की अडकित्ता?"

"मग फोमची. लेडीज, जेंट्स, सगळे खूश."

ती इतकी रुंद होती की हणमंतरावांना वाटलं, आता कुणीतरी कॉफी आणून देईल. "हिच्यावर बसून माणूस झोपेल, सायकल नाही चालवणार!"

आणि मग कोपऱ्यात त्यांना ती दिसली. अस्सल चामड्याची. मधाच्या रंगाची, कडेनं तांब्याचे खिळे, खाली दोन जाड स्प्रिंगा. त्यांनी ती नाकाशी नेली. त्या वासात ओला तबेला होता, लगाम होता, टापा होत्या. निदान त्यांना तसं वाटलं. मोजणी खात्यात घोडे नव्हते.

"ती नको सर," यल्लाप्पा म्हणाला. "चामडं आहे. सुरुवातीला स्वल्प दगड. मग बसून बसून तुमच्या मापाचं होतं. मग लोणी."

"लोणी व्हायला किती दिवस?"

"पावसाळा ते उन्हाळा."

"दसरा दोन आठवड्यांवर आलाय."

"म्हणून म्हणतो, फोम घ्या."

"आमचे पूर्वज फोमवर बसून तुंगभद्रा ओलांडून आले नाहीत!"

"पूर्वज घोड्यावर बसले सर. ते खोगीर किती दिवसांनी मऊ झालं, ते घोड्याला विचारायला पाहिजे."

जमलेल्या लोकांत हशा पिकला. हशा पिकला म्हणजे माघार घेणं आलंच नाही! हणमंतरावांनी चामड्याची सीट बसवून घेतली. आरसेही तसेच निवडले. यल्लाप्पानं दाखवलेला बटाट्याच्या कापाएवढा आरसा त्यांनी नाकारला आणि लांब दांड्यांचे, बशीएवढे दोन गोल आरसे घेतले. घरी येताना डाव्या आरशात सगळं जयनगर मागं मागं पळत होतं. उजव्या आरशात त्यांचा स्वतःचा कान दिसत होता. पण कानही चांगलाच होता.

"कशी आहे सीट?" कमलाबाईंनी विचारलं.

"सुख! नुसतं सुख!" हणमंतराव म्हणाले आणि संध्याकाळभर उभ्यानं पेपर वाचला.

पुढचे दिवस असे गेले की विचारू नका. सकाळी सीटवर, दुपारी उशीवर, रात्री पालथे! चामडं त्यांच्या मापाचं होईना. उलट तेच हळूहळू चामड्याच्या मापाचे होत चालले. रघुनंदनचा फोन आला की मात्र आवाज पहाडासारखा: "काय सांगू तुला, ढगावर बसल्यासारखं वाटतं!" कमलाबाई शेजारी उभ्या राहून ऐकत.

आणि आली आयुधपूजा. त्या दिवशी बंगळूरात जे जे म्हणून फिरतं, त्याची पूजा होते. बस, रिक्षा, गिरणी, शिलाईचं मशीन, सगळ्यांच्या कपाळाला विभूती आणि कुंकू. हणमंतरावांनी सायकल न्हाऊ घातली, हँडलच्या दोन्ही बाजूंना केळीचे खुंट बांधले, शेवंतीची माळ घातली, चाकाखाली लिंबं ठेवली. दोन्ही आरशांवर विभूतीचे तीन तीन पट्टे ओढून मधोमध कुंकवाचा ठसठशीत टिळा लावला. सायकल अशी दिसू लागली की जणू नवरदेवच, फक्त मुलगी बघायची राहिलेली.

कमलाबाई तबक घेऊन आल्या आणि सीटपाशी थबकल्या. "अहो, हे चामडं आहे."

"मग?"

"चामड्याला हळदकुंकू? देवळात जाताना पट्टा काढून ठेवता ना?"

"मृदंग कशाचा असतो? देवापुढंच वाजतो ना तो?"

"मृदंगावर तुम्ही बसत नाही!"

उत्तर नसलं की हणमंतरावांना जोर चढतो. "ठीक आहे. शुद्ध करून घेतो. पंचामृत आणा!"

"शिंपडा दोन थेंब."

"दोन थेंब भित्र्या माणसानं शिंपडावेत! अभिषेक करणार मी, अभिषेक!"

आणि त्यांनी अख्खी वाटी ओतली! दूध, दही, तूप, साखर आणि मध. मध तर बाटली उलटी करून वरून आणखी! चामडं दोन आठवड्यांच्या उपाशी पाहुण्यासारखं गटागटा प्यायलं. हणमंतरावांनी भीत भीत अंगठा दाबून पाहिला आणि ओरडले, "कमला! अगं, मऊ! मऊ झालं! बघ, पावसाळा ते उन्हाळा म्हणे!"

"अहो, पण गोड..." कमलाबाई काहीतरी म्हणणार होत्या.

"गोडच झालं!" हणमंतरावांनी त्यांचं वाक्य परस्पर संपवलं, सीटवर जरीचा शेला पांघरला आणि सायकल रात्रभर पारिजातकाखाली उभी केली. पारिजातकाच्या मुळाशी तांबड्या मुंग्यांचं फार जुनं संस्थान होतं. तिथं त्या रात्री कुणी झोपलं नाही.

दसऱ्याच्या सकाळी हणमंतराव फेटा बांधून निघाले. शेला काढला नाही, पट्टे पुसले नाहीत, केळीचे खुंट सोडले नाहीत. "मिरवणूक म्हणजे मिरवणूक!" कमलाबाई होळिगीचा, म्हणजे पुरणपोळीचा, डबा घेऊन मागाहून रिक्षानं येणार होत्या.

पहिला मैल स्वर्ग होता. चामडं खरंच मऊ. आत्याची ओवी ओठांवर. दुसऱ्या मैलाला स्वर्गात काहीतरी वळवळलं. मग एक टोचणी. मग चार. मग एकदम दिवाळीची लड लागावी तसं तडतड तडतड! हणमंतराव ताडकन पायडलांवर उभे राहिले. तोंडात "आ" आला होता, तो त्यांनी दातांत पकडला. रस्त्यावरची 'आई गं' पैजेत धरायची की नाही, हे ठरलं नव्हतं; धोका कशाला!

बसावं तर संस्थान, उभं राहावं तर गुडघे. हणमंतरावांनी गुडघे निवडले.

नेमकी त्याच वेळी मागून घट्ट कपड्यांतली, रंगीत हेल्मेटवाली सायकलस्वारांची टोळी आली. त्यांची म्होरकी होती पवित्रा नावाची एक तरतरीत मुलगी. तिनं पाहिलं: फेटा, केळीचे खुंट, पिकलेल्या मिशा, आणि आजोबा उभ्यानं सायकल हाणतायत!

"अज्जा, सूपर! सपाट रस्त्यावर स्टँडिंग? एवढा स्टॅमिना?"

"हो," हणमंतराव दातांतून म्हणाले.

"बसत का नाही तुम्ही?"

"बसायला वेळ कुणाला आहे!"

टोळी खूश! 'बसायला वेळ कुणाला आहे' हे वाक्य पवित्रानं मोबाइलमध्ये पकडलं, पुढं पाठवलं, आणि सगळी टोळी त्यांच्यामागं उभ्यानं पायडल मारू लागली.

हणमंतरावांनी आरशात पाहिलं. विभूतीच्या पट्ट्यांमधून मागचं जग तुकड्यातुकड्यांनी दिसत होतं. एका फटीत हेल्मेटं. दुसऱ्या फटीत एक रिक्षा. आणि रिक्षातून बाहेर आलेला, हिरव्या बांगड्यांचा, जोरजोरात हलणारा हात! कमलाबाई!

"साक्षीदार!" हणमंतरावांच्या डोक्यात उजेड पडला. "रघूनं पाळतीवर ठेवलंय! मी कुठं 'आई गं' म्हणतो ते टिपून घेतेय!"

खरी गोष्ट अशी होती की, कमलाबाईंना निघताना पारिजातकापासून फाटकापर्यंत मुंग्यांची ओळ दिसली होती, आणि त्या बिचाऱ्या गळा फाटेस्तोवर "थांबा, उतरा!" म्हणत होत्या. रिक्षावालाही कानडीतून तेच ओरडत होता, "अज्जा, निल्ली! निल्ली!" पण हणमंतरावांना वाटलं, ही हार कबूल करायला लावतेय. ते आणखी जोरात निघाले! टोळी आणखी जोरात! रिक्षा आणखी जोरात! बीटीएमच्या रस्त्यावर लोक दुकानातून बाहेर येऊन टाळ्या वाजवू लागले. कुणाला वाटलं शर्यत, कुणाला वाटलं निवडणूक. एकानं तर हणमंतरावांच्या गळ्यात हार घातला आणि आमच्या गल्लीत नळाला पाणी येत नाही म्हणून सांगितलं.

सिल्क बोर्डच्या सिग्नलला दसऱ्याची सुट्टी नसते. तिथं सगळे अडकले. आणि तिथं, मोटारींच्या मधून, राणीसाहेबांच्या चालीनं एक गाय आली. तिच्याही शिंगांना हळद, गळ्यात माळ. तिनं हणमंतरावांकडं पाहिलं नाही. केळीच्या खुंटाकडं पाहिलं.

"हट! हट हट!"

गायीनं डावा खुंट उपटला. डावा आरसा खुंटाबरोबर गेला. मग ती उजवीकडं आली.

"अहो, हाकला की हिला!" हणमंतराव ओरडले.

"सणाच्या दिवशी गाय हाकलायची?" स्कूटरवरच्या एका बाईंनी गायीला नमस्कार केला. "भाग्यवान आहात! घरी चालून आली!"

"हे घर नाही, सिल्क बोर्ड आहे!"

उजवा खुंट गेला. मग गायीला मधाचा वास आला. तिनं शेला बाजूला ओढला आणि सीटवरून खरखरीत जिभेचा एक लांबलचक हात फिरवला. मध गेला. गडबडलेल्या मुंग्यांनी जवळच्या जवळ आसरा शोधला. जवळ हणमंतरावांचं धोतर होतं.

पुढचा रस्ता त्यांनी कसा कापला, ते त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. एवढं खरं की, रघुनंदनच्या इमारतीखाली ते पोचले तेव्हा फेटा सुटलेला होता, आरसा एकच होता, मागं टाळ्या वाजवणारी टोळी होती, आणि ते उभेच होते.

बाराव्या मजल्यावर दार उघडलं. सून संयोगिता पुण्याची. मोबाइल नाचवतच आली. "अण्णा, ओ माय गॉड! तुम्ही व्हायरल झालात! 'बसायला वेळ कुणाला आहे!' आमच्या ऑफिसच्या ग्रुपवरसुद्धा आलंय!"

रघुनंदन मात्र वडलांच्या चेहऱ्याकडं बघत होता. त्यानं खुर्ची ओढली. "या अण्णा. बसा."

"बसतो की! घाई काय?" हणमंतराव खिडकीशी गेले. "वा! काय हवा! इथून नंदी हिल्स दिसतात का रे?"

"नाही. बसा."

"आधी सोनं! बन्नीची, शमीची पानं द्यायची असतात. ती उभ्यानंच देतात." त्यांनी सगळ्यांना पानं दिली. मग शेजारच्या फ्लॅटला दिली. लिफ्टमधून वर आलेल्या पार्सलवाल्यालाही दिली. कमलाबाई डबा ठेवून कोपऱ्यात उभ्या होत्या. घसा बसलेला, डोळ्यांत काळजी.

"आता बसा, अण्णा."

"आज मी वाढणार! दसऱ्याला यजमान वाढतो."

"यजमान मी आहे."

"मग यजमानाचा बाप वाढतो!"

आणि त्यांनी वाढलं. भात वाढला, सांबार वाढलं, कोसंबरी वाढली. "घ्या, घ्या" म्हणत होळिग्यांवर तुपाची धार धरली. संयोगिता म्हणाली, "अण्णा, मी डाएटवर आहे," तर तिला आणखी एक वाढली. लोकांची जेवणं लांबवता येतात तेवढी त्यांनी लांबवली. पण पोटाला शेवट असतो. ताटं रिकामी झाली. एकच ताट भरलेलं राहिलं, आणि त्याच्यासमोर एकच खुर्ची. लाकडी. गादी नसलेली.

हणमंतरावांनी एक हात टेबलावर ठेवला. दुसरा खुर्चीवर. फेटा नीट केला. लढाईवर निघाल्यासारखं सगळ्यांकडं पाहिलं. आणि बसले.

"आई गंऽऽऽऽ!"

साधीसुधी नव्हती ती. दोन आठवड्यांची साठलेली होती. अकराव्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं.

कुणीच हसलं नाही. रघुनंदन पाण्याचा पेला घेऊन उठला. "अण्णा," तो हळूच म्हणाला, "मला जिंकायचं नव्हतं हो. पण हे असं बघवत नाही. तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता." हणमंतरावांनी बंडीच्या खिशातून सायकलीच्या कुलपाची किल्ली काढली आणि भाताच्या शेजारी ठेवली. त्यांचा आवाज प्रथमच लहान झाला होता. "उद्या गाठोडं बांधतो."

पलीकडच्या खोलीतले नवे पडदे वाऱ्यानं फुगले.

"रघू, ती किल्ली उचलू नकोस."

सगळ्यांनी वळून पाहिलं. कमलाबाई कोपऱ्यातून टेबलापाशी आल्या होत्या. बसलेल्या घशातून आवाज फाटत येत होता, पण येत होता.

"शब्द यांनी दिला, तू घेतलास. घर माझंही आहे, ते पैजेवर लावताना मला कुणी विचारलं होतं? साक्षीदार म्हणे! मी तेव्हाच बोलणार होते. म्हटलं, बापलेकांत नको. ते जिंकले असते तर बोलावंच लागलं नसतं. संयोगिता, पडदे छान आहेत गं, खरंच छान आहेत. पण खालून कुणी 'कमलक्का' म्हणून हाक मारली, तर बाराव्या मजल्यावर मला ऐकू यायची नाही. मला इथं राहायला यायचं नाही. सणावाराला येईन, चार दिवस राहीन, पाचव्या दिवशी माझ्या घरी जाईन."

हणमंतरावांची छाती पुन्हा फुगू लागली. "बघ रघू! मी म्हणत नव्हतो..."

"तुम्ही गप्प बसा!" कमलाबाईंनी किल्ली उचलली आणि पदराला गाठ मारून बांधली. "आणि ही सायकल राहणार. उद्याच तिच्यावर ती फोमची सीट बसवून आणा. यल्लाप्पा हसला तर हसू दे. अहो, इतकी वर्षं सांगितलं नाही, आज सांगते. रोज सकाळी तुम्ही त्या सायकलीवरून बाहेर जाता ना, तेवढेच दोन तास मी या संसारात सुखानं काढलेत!"